ओ येतेय तोवर

बाबांच्या खोलीतली घंटा मीच केली. पक्षाघातानंतर त्यांचा आवाज पार बसला होता, आणि खाली दादाच्या फोटोफ्रेमच्या दुकानात दिवसभर करवत चालते. तिथे तोफ डागली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रं चालवणारी छोटी चिप, हे माझं रोजचं काम. आगपेटीएवढा एक बोर्ड बाबांच्या उशाशी भिंतीला चिकटवला आणि त्यावर सुरक्षित वेबसॉकेट सर्व्हर, म्हणजे फोनशी लाइन कायम जोडून ठेवणारा प्रोग्राम, बसवला. बाबांनी बटण दाबलं की दादाच्या आणि माझ्या फोनवर घंटा वाजायची.

त्या चिपची मेमरी म्हणजे चिमणीचं पोट. दोनपेक्षा जास्त सुरक्षित लाइनींचं ओझं तिला पेलत नाही. म्हणून जागा दोन, पासवर्डच्या किल्ल्या दोन, आणि किल्लीशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही. थोड्याथोड्या वेळाने बोर्ड दोन्ही फोनना हाक मारतो. मुदतीत ओ आली नाही, तर लाइन कापून जागा मोकळी करतो. ओ यायला लागणाऱ्या वेळावरून फोन किती लांब आहे याचा अंदाज येतो. माझी ऑफिसातून जरा रेंगाळत यायची, दादाची खालून लगेच.

बाबा आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. त्यांना ही युक्ती भारी आवडली.

"ओ येतेय तोवर लाइन कापायची नाही," ते अडखळत म्हणाले. "आमचाही हाच नेम होता."

एका दुपारी दादाचा फोन आला. "काय गं, तुझं यंत्र मला आत घेईना. जागा नाही म्हणतंय."

"तूच दोनदा शिरला असशील."

"इथे एकदा शिरायची मारामार आहे!"

संध्याकाळी घरी येऊन लॅपटॉपची वायर थेट बोर्डाला लावली. एका जागेवर माझा फोन. दुसरीवर कुणीतरी, खरी किल्ली घेऊन. त्याची ओ इतक्या लांबून येत होती, की मुदत कशीबशी गाठत होती. माझ्याच कामात भोक, म्हणून मी चरफडले. किल्ल्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आत. पुन्हा बदलल्या, पुन्हा आला, आणि दर वेळी त्याची ओ आधीपेक्षा थोडी लवकर आली.

शेवटी माझी जागा मी दादाला देऊन टाकली. बाबांपर्यंत धावत पोचणार होता तोच. मी घरी असले की वायर लावून बघत बसायचे, आणि तो किती जवळ आला ते बाबांना सांगायचे.

"बाबा, भीती नाही ना वाटत?"

"कसली?" बाबा बोर्डाकडे बघत होते. "आता जवळ आलंय. कापू नकोस."

मला मात्र भीती वाटत होती. बाबांना काही होऊ नये, एवढंच मनात घोळत होतं.

रविवारी मी त्यांच्या पलंगापाशी बसले होते. खालून करवतीचा आवाज येत होता. त्या अनोळख्याची ओ दादाच्या आधी येऊ लागली.

मग हाकेबरोबरच.

मग हाकेच्या आधी.

"बाबा," मी म्हटलं.

ओ आली. स्क्रीनवर.

बाबांचं बोट बटणावर होतं. बटण दाबलेलं नव्हतं.

बाबांचं दिवसकार्य पार पडल्यावर दादाने आपल्या फोनवरून घंटा काढून टाकली. "तो बोर्डही काढ आता," म्हणाला. काढण्याआधी म्हणून मी वायर लावली. एक जागा तरी रिकामी असायला हवी होती.

दोन्ही भरलेल्या आहेत. दोन ओ येतात, एकीला लागून दुसरी, सारख्याच अंतरावरून. रोज थोड्या जास्त उशिरा.

बोर्ड अजून उशाशीच आहे. मुदतीत ओ आली नाही तर तो आपणहून लाइन कापेल. ऑफिसातून आले की मी ती मुदत थोडी वाढवून ठेवते.