पापणीवरचं बोट

लोकांना झोपवून मी आयुष्यभर पोट भरलं. भाषणं देऊनही हे साधतं, पण मी रीतसर परीक्षा देऊन भूलतज्ज्ञ झालो. ऑपरेशन नीट झालं की लोक सर्जनचे पाय धरतात. आमचा चेहराही कुणाला आठवत नाही, आणि आठवलाच तर आमचं काहीतरी चुकलं असं समजायचं. झोपवणं सोपं असतं. माणसाला परत आणणं हे खरं काम. आम्ही पैसे घ्यायचो ते त्याचे.

त्याची एक रीत होती. पेशंटच्या डोक्यामागे बसायचं. डाव्या हाताची करंगळी जबड्याच्या कोपऱ्यामागे, शेजारची दोन बोटं हाडावर. खालच्या मऊ मांसावर नाही, तिथे दाबलं तर श्वास अडतो. मग उजव्या हाताचं बोट पापणीच्या केसांवरून अलगद फिरवायचं. नुसत्या झोपलेल्या माणसाची पापणी हलते, भूल चढलेल्याची हलत नाही. हलली नाही की टेबलापलीकडच्या सर्जनकडे बघून म्हणायचं, "हं, करा सुरू."

(बोटांचं हे वर्णन मी समोर पुस्तक उघडून लिहिलंय. निवृत्त माणसाने खात्री करून घेतलेली बरी.)

निवृत्तीनंतर मी लेकीकडे राहायला आलो. जावई बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात. लेक घरीच कपडे शिवून देते. आणि नात. एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. आतड्यांना पीळ घेऊनच जन्मली. अंगणवाडीत जायच्या वयाच्या आधी ती इतक्यांदा ऑपरेशन थिएटरात गेली की नर्सा म्हणायच्या, "आल्या का मालकीणबाई!" जगली, वाढली. पण पाच वर्षांची झाली तरी शब्द मोजकेच, हातात कात्री ठरत नाही, आणि गोष्ट सांगायला घेतली की माझा राजा गादीवर बसायच्या आत ही खिडकीत.

लेक मला एकच प्रश्न विचारायची. मशीनवरून मान वर न करता.

"बाबा, भुलीमुळे झालं का हो हे?"

"एकदा, थोडा वेळ दिलेल्या भुलीने काही बिघडल्याचं दिसलेलं नाही. लहानपणी पुन्हापुन्हा दिली तर काही मुलांच्या लक्षात, वागण्यात फरक दिसतो. पण तो भुलीचा, की ज्या दुखण्यासाठी दिली त्याचा, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही."

"म्हणजे माहीत नाही."

"माहीत नाही. पण हेच मी एका परिषदेत अर्धा तास सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या."

ती हसली नाही. त्या दिवसांत ती इतकी दमलेली असायची की हसणंसुद्धा तिला जिना चढण्यासारखं वाटत असावं.

त्यातच आतड्यांत पुन्हा अडथळा निघाला. आणखी एक ऑपरेशन. तातडी नव्हती, पण टाळता येण्यासारखंही नव्हतं. लेकीने निर्णय माझ्यावर टाकला. "तुम्ही हो म्हणालात तर हो. फक्त मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

मी दोन दिवस मागून घेतले. त्यांचे दोन आठवडे झाले.

सगळ्यात आधी झोपल्या त्या शिकवणाऱ्या बाई. खारूला बोलतं करायला त्या दुपारी घरी यायच्या. बोलता बोलता कागदाचे पक्षी घडवायच्या, म्हणजे पोरगी जरा तरी बसेल. त्या दिवशी मी बाहेर आलो तर बाईंची मान छातीवर, आणि खारू त्यांच्यासमोर मांडी घालून. बसलेली. मी तिला इतकी स्थिर कधी पाहिलीच नव्हती.

"अगंबाई! डोळा लागला की काय माझा?" बाई दचकून उठल्या. "आजोबा, तुमच्या घरात बसलं की पापण्या जड होतात."

"माझी इतक्या वर्षांची कमाई भिंतींत मुरली असेल," मी म्हणालो.

त्यांनी हसत कागद उचलला, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "आज हातच चालत नाहीत मेले," म्हणाल्या आणि लवकर गेल्या. संध्याकाळी खिडकीत कागदाचे पक्षी ओळीने मांडलेले होते. घड्या धारदार. लेक रडली, हसली, मला हलवून म्हणाली, "बाबा, शिकतेय हो ती!"

मी मात्र मिस्त्रीला बोलावलं. बंद घरात माणसं पेंगायला लागली की आधी शेगडी आणि गीझर बघायचा, हे मला कळतं. गळती कुठेही नाही, असं सांगून मिस्त्री जरा भिंतीला टेकला, समोर येऊन बसलेल्या खारूशी दोन शब्द बोलला आणि घोरायला लागला. उठल्यावर पान्हा हातात धरून बराच वेळ बघत राहिला, मग न वापरताच पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे नळ इतके घट्ट बंद होते की मला एकही उघडेना.

मी खिडक्या उघड्या ठेवायला लागलो.

मग एका दुपारी लेक झोपली. मशीनपाशी, जमिनीवरच, खारूच्या शेजारी. दमलेली बाई झोपली यात नवल ते काय. पण तिचं तोंड ज्या तऱ्हेने उघडं होतं ती मला ओळखीची वाटली. मी वाकलो आणि तिच्या पापणीच्या केसांवरून बोट फिरवलं.

पापणी हलली नाही.

मी तिचा जबडा उचलून धरून बसलो. काही वेळाने ती आपोआप जागी झाली. "केवढी गाढ झोप लागली! किती दिवसांनी..." ती मशीनवर बसली. दोऱ्याचं टोक हातात घेऊन सुईकडे, चाकाकडे, पुन्हा सुईकडे बघत राहिली. परक्याच्या घरी पाणी कुठे असतं ते शोधावं तशी. तेवढ्यात खारूने तिच्या हातातून दोरा घेतला आणि सगळे आकडे, सगळी भोकं बरोबर ओलांडत सुईत ओवला.

"बाबा, बघितलंत?" लेक म्हणाली.

"बघितलं. तुला का नाही जमलं?"

"मला?" ती खारूच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "जाऊ द्या हो. एकीला आलं म्हणजे झालं."

ती खरंच सुखी दिसत होती. मला ते जास्त जड गेलं. मागून घेतलेली मुदत कधीच उलटली होती; ऑपरेशनचं हो की नाही ते आता मला दुसऱ्या दिवशी सांगावंच लागणार होतं, आणि पुस्तकातलं एकही वाक्य कामाचं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक बटणं आणायला गेली. मी कडक चहा करून घेतला आणि खारूसमोर उभाच राहिलो. उभा माणूस सहजासहजी झोपत नाही.

तिने वर पाहिलं.

"आजोबा, दमलात?"

तिने माझ्याशी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य. मला आनंद व्हायला हवा होता.

"नाही गं."

"दमलात," ती समजुतीने म्हणाली. "बसा."

जागा झालो तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. मी खुर्चीत होतो. माझी मान कुणीतरी उशी देऊन नीट मागे कलती ठेवली होती. चहावर साय धरली होती.

मी घाबरून स्वतःला तपासलं. पाढे. जुन्या घराचा पत्ता. बायकोचा आवाज. शाळेतल्या मास्तरांच्या सगळ्या टोपणनावांसकट सगळं जागच्या जागी होतं. मला हसू आलं. नेण्यासारखं काही सापडलं नसेल बिचारीला.

दारात लेकीच्या चपला दिसल्या. बटणांची पुडी टेबलावर, न उघडलेली.

आतल्या खोलीत लेक पलंगावर उताणी होती. खारू तिच्या डोक्यामागे बसली होती. डावा हात आईच्या जबड्याखाली. करंगळी कोपऱ्यामागे, दोन बोटं हाडावर. नजर छातीवर, श्वासाबरोबर वरखाली होणारी.

"खारू, सोड. मी धरतो. आईला उठवू या."

ती लगेच बाजूला सरकली. मी हात पुढे केला.

हात हवेत थांबला. लेकीचा चेहरा माझ्यासमोर होता आणि त्याला कुठे धरायचं, कुठलं बोट कुठे ठेवायचं, ती परत कशी येते, यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

खारूने थोडी वाट पाहिली. मग माझा हात हळूच दूर केला आणि आपल्या जागी जाऊन बसली. उजव्या हाताचं बोट आईच्या पापणीवरून अलगद फिरवलं.

मान वर करून तिने पलंगाच्या पलीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"हं," ती म्हणाली. "करा सुरू."