नाइस म्हणजे काय

बारामतीहून इंदापूरला जाणारी एसटी सणसरच्या अलीकडे बंद पडली आणि आम्ही सगळे उतारू रस्त्याकडेला उभे राहिलो. छप्पन्न साल होतं. मी आमच्याच गावात, अंथुर्ण्याच्या शाळेत, नुकतीच मास्तरीण झाले होते. दर रविवारी इंग्रजीच्या शिकवणीला बारामतीला जायचे. त्या दिवशी सरांचा जाडजूड शब्दकोश मागून आणला होता.

तेवढ्यात श्रावणातली सर आली... तिरपी, अवखळ. मी शब्दकोश छातीशी धरला, तोच डोक्यावर घोंगडं आलं. घोंगड्याचा मालक भाजीच्या दोन रिकाम्या पाट्या घेऊन पावसात उभा होता.

"तुम्ही भिजताय."

"मी वाळंन. पुस्तक न्हाय वाळायचं."

"नाइस," हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हंजी?"

"चांगलं."

"घोंगडं... का मी?"

मी पावसाकडे बघितलं. "गाडी चालू झाली वाटतं."

त्याचं नाव गेणू. शेळगावचा. बारामतीच्या बाजारात वांगी घालायचा. त्यानंतर परतीच्या गाडीत पाट्या ठेवून तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचा, स्वतः मागे उभा राहायचा, आणि उतरताना हळूच एखादा इंग्रजी शब्द विचारायचा. दोन महिने असं चाललं. मग एका रविवारी तो दिसला नाही. पुढच्या रविवारी दिसला, पण ड्रायव्हरपाशी, पाठ फिरवून.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी शेळगावची वाट धरली. गेणू वांगी तोडत होता. त्याची आई, फुलाबाई, पलीकडच्या बांधावर खुरपत होती.

"माझं काय चुकलं?" मी विचारलं.

तो मान खाली घालून वांगी पाटीत ठेवत राहिला. "आमच्या आप्पा गुरुजींकडं इंग्रजीचं जुनं पुस्तक हाय. त्यांनी दावलं. नाइस म्हंजी अडाणी." थोडा थांबला. "चौथीतच शाळा सुटली माझी. अडाणी हायच मी. पण तुमी हसून म्हणाला, ते लागलं."

मी पिशवीतून शब्दकोश काढला. भराभर पानं उलटून तो शब्द शोधला.

"खरं आहे. लॅटिनमधून फ्रेंचात, तिथून इंग्रजीत आला तेव्हा अडाणीच होता. पण त्याला सातशे वर्षं झाली. मग लोक लाजाळू माणसाला नाइस म्हणायला लागले, मग चोखंदळाला... आणि शेवटी चांगल्याला."

"मंग मला कुठला?"

"त्या दिवशी चांगला." मी शब्दकोश मिटला. "आता सगळेच. दोन महिने जागा धरली, शेजारी एकदाही बसला नाहीत — हा लाजाळू. पाटीत एक किडकं वांगं नाही — हा चोखंदळ."

"आन् अडाणी?"

"माझी शिकवणी चारला सुटते. साडेचारला गाडी असते. तरी मी सहाच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसते. ती का, हे ज्याला अजून कळलं नाही..."

त्याच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. कान लाल झाले.

"सहाची गाडी... माझ्यापायी?"

"नाही. वांग्यांपायी."

तो हसला. कितीतरी दिवसांनी ते हसू बघत होते मी.

"तुमच्या आबास्नी इचाराय यिऊ का मी?"

"तू नगं," बांधावरून फुलाबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तू तितं बी अर्थ काढत बसशील. मीच जाती उद्या."

आणि त्या खरंच आल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"पोरगी नोकरी सोडणार न्हाय," आबा म्हणाले. "चालंल का तुमास्नी?"

"सोडायची कशापायी?" फुलाबाई म्हणाल्या. "आमच्या पोराला शिकवाय घरातच कुणीतरी पायजेल की."