त्सोनाबाईचा डावा कप्पा

खिडकी लावा आधी, नदीवरून वारा येतोय. आणि मध्येच कुणी हसायचं नाही. रांगेल चाकारोव अजून जिवंत आहे. हवं तर उद्या जाऊन विचारा त्याला.

हृदयाची सोनोग्राफी करणारा आपल्या गावातला तो एकुलता एक डॉक्टर. हात हुशार, पण कामचुकारपणा अंगात मुरलेला. ज्यांचं हृदय थकत चाललंय, त्यांचा डावीकडचा वरचा कप्पा दर वेळी मोजावा लागतो. तो फुगत गेला की समजायचं, दुखणं वाढतंय. पडद्यावर त्याच्या कडेकडेनं रेघ ओढायची, एकदा एका बाजूनं, एकदा दुसऱ्या. चार मिनिटांचं काम. पण बाहेर तीस माणसं खोळंबलेली. मग रांगेल मागच्या वर्षीच्या कागदावरचा आकडा खुशाल उतरवून काढायचा.

चीज विकणारी त्सोनाबाई त्याला कळवळून सांगत होती, “डॉक्टरसाहेब, आडवं झालं की जीव घुसमटतो. तीन उशा लागतात हो.”

“मग चौथी घ्या,” हा म्हणाला. “आणि सॉसेजवर ताव मारणं बंद करा. कप्पा होता तेवढाच आहे.”

अकराव्या दिवशी ती गेली. उशांना टेकून, बसल्या बसल्या.

तिच्या मुलीनं, नेदकानं, तक्रार केली. चौकशी समिती बुधवारी सकाळी येणार होती. कागदावर जुनाच आकडा होता, पण त्या तपासणीची चित्रं मशीनमध्ये तशीच होती. कुणीही त्यांच्यावर रेघ ओढली असती, तर रांगेलची डॉक्टरकी संपली असती.

म्हणून मंगळवारी, एकोणीस नोव्हेंबरला, संध्याकाळी सव्वासहाला तो ती पुसायला निघाला. अंधार केव्हाच पडला होता. त्सोनाबाईला जाऊन तो चाळिसावा दिवस, आपल्याकडे त्या दिवशी मेलेल्याच्या नावानं घास वाटतात. दवाखान्याच्या दारावर आईच्या फोटोचा कागद डकवून नेदका येणाऱ्या-जाणाऱ्याला पेल्यातून उकडलेला गहू वाटत होती.

“घ्या डॉक्टर. आईच्या नावाचा आहे.”

“घाईत आहे गं मी.”

“या घासाला कुणी नाही म्हणत नाही.”

त्यानं पेला घेतला. वर गेला आणि सगळा गहू कचऱ्याच्या डब्यात ओतला. मला त्याची कीव येत नाही ती यासाठी.

खोलीत शिरून त्यानं आतून कडी घातली. मशीन लावलं. तिचं नाव शोधलं. पुसायचं? हो. सगळं? हो.

पडदा काळा झाला. रांगेलनं सुस्कारा सोडला.

मागे तपासणीच्या पलंगावरचा कागद चुरचुरला.

त्यानं वळून पाहिलं. त्सोनाबाई डाव्या कुशीवर निजली होती. डावा हात डोक्याखाली, तपासणीला घेतात तसा. न सांगता. सवयीनं…

“मोजा,” ती म्हणाली.

“मशीन… मशीन बंद आहे, आजी.”

“चालू आहे की.”

पडदा उजळला होता. त्यावर कप्पा दिसत होता. फुगलेला. हलत नव्हता. काहीच हलत नव्हतं…

“मी चुकलो. उद्या सांगतो सगळ्यांना. आईशप्पथ सांगतो!”

“उद्या? काय दाखवून सांगाल? मी उरलेय कुठे त्याच्यात?”



ती उठून बसली. सावकाश. पलंगावर हात फिरवून तिनं कागद सरळ केला.

“या. निजा आता तुम्ही.”

“नको…”

“घाई नाहीये मला.”

छातीवर गार काहीतरी टेकलं. मग…

सकाळी नर्सनं कडी तोडवून घेतली. रांगेल पलंगावर ताठ बसला होता. शर्ट उघडा. डोळे उघडे.

समितीला त्सोनाबाईचं एकही चित्र मिळालं नाही. तो सुटला. नोकरीही राहिली. पण त्या रात्रीपासून त्याला आडवं होता येत नाही. छत्तिसाव्या वर्षी खुर्चीत बसून झोपतो, आणि पहाटे खिडकी उघडून हवा ओढताना सगळ्या गल्लीला ऐकू येतो. राजधानीत, सोफियाला, मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आला. औषधं चालू आहेत, पण आता त्याचाच कप्पा फुगलाय, तो काही मागे हटत नाही.

समितीला मशीनमध्ये त्या संध्याकाळची एकच तपासणी सापडली. रुग्ण, रांगेल चाकारोव. मंगळवार, सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. कप्प्याभोवती रेघ ओढलेली, दोन्ही बाजूंनी, कुठेही हात न थरथरता. खाली तपासणाऱ्याचं नाव असतं ना, तिथे त्सोनाबाईचं नाव होतं.