जाळीवाली आणि ठिपकेवाला

पेणच्या एसटी स्टँडवर किमया लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. पडद्यावर गणपतीची मूर्ती, मूर्तीला तडा. शेजारचा मुलगा वाकून बघत होता… आणि बघून गप्प बसेल तर शपथ!

"एवढी जाळी कशाला विणलीयस? नुसते ठिपके टाक की."

किमयाचं डोकंच फिरलं. पेणजवळच्या जोह्याच्या मूर्तिकाराची ही लेक. शाडूची मूर्ती वाळताना तडा कसा पळेल, ते संगणकावर आधीच काढायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. तिची पद्धत जाळीची: मूर्तीचे चौकोन पाडायचे, आणि तडा जाईल त्या चौकोनांना जादा गणित शिकवायचं. हा शेजारचा मुलगा, रोह्याचा प्रणित, तेच करत होता, पण जाळीविना, नुसत्या ठिपक्यांवर. दोघांचे पीएचडीचे सर एकच निघाले, आणि त्यांनी आठवड्याभरात दोघांना एकत्र बसवलं. किमयाच्या बाबांच्या कारखान्यातली एक तडकलेली मूर्ती घ्या, दोन्ही पद्धती चालवा, खऱ्या तड्याशी ताडून बघा.

मग काय, रोज भांडण! तो रोह्याहून यायचा, गरम वडे आणायचा, तिच्या चुका काढायचा. हसताना खळी पडायची मेल्याला… तिचा संताप आणखी वाढायचा.

"माझी पद्धत हरली ना, तर माझं काय खरं नाय," एकदा ती चहा पिताना बोलून गेली.

शेवटी दोघांनी एकदम गणित लावलं. तिचा तडा जवळपास बरोबर निघाला. त्याचा भलतीकडेच गेला.

"जिंकलीस गो," तो हसला.

किमया हसली नाही. ठिपक्यांची पद्धत म्हणजे गोगलगाय; जेवून हात धुवून आलं तरी उत्तर नसतं. आज तिच्याही आधी संपली? तिने त्याचा लॅपटॉप ओढला. अर्धे ठिपके गायब!

"हे काय हाय, प्रणित?"

"मला वाटलं, तुझं काम—"

"खोट्या तुलनेवर माझी पीएचडी? परीक्षकांना कुठलं तोंड दाखवू? का केलंस असं?"

"कारण… तू हरलेली मला बघवणार नाय." तो खाली बघत म्हणाला, "आवडतेस तू मला."

किमयाला रडू आलं, रागही आला. किती दिवस हे ऐकायचं होतं तिला, आणि या गाढवानं ते असं, अशा वेळी—

"सगळे ठिपके टाक. आत्ता!"

दुपार सरली. त्याचा तडा सावकाश वळत खऱ्या तड्यावर जाऊन बसला. तिच्यापेक्षा अचूक! वेळेत मात्र ती कितीतरी पुढे. तिने दोन्ही निकाल जसेच्या तसे लिहायला घेतले.

त्याने भीत भीत तिचा हात धरला. "रागावलीस?"

"व्हय. आणि जन्मभर रागावणार हाय. परत मला मुद्दाम जिंकवलंस तर बघ!"

"जन्मभर…?"

"ऐकू येत नाय का?" ती खेकसली, पण हात काही सोडवून घेतला नाही.