प्रणवनं नाकारलेला पेपर

बोईसरहून नवापूरला जाणाऱ्या शेअर रिक्षात शेजारचा माणूस माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोकावत होता. मी लॅपटॉप तिरका केला, तर तोही तिरका झाला. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, "माफ करा... पण जनुक न भरता नुसता विषाणू दिला तर काय होतं, ते तुम्ही कुठं दाखवलंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत निरोगी जनुक पोचवणारा विषाणू तयार करण्यात माझी चार वर्षं गेली होती, आणि हा रिक्षातला शहाणा माझ्या चुका काढत होता. वैताग म्हणजे, चूक खरी होती. तो वाणगावचा प्रणव सावे, घरची मिरचीची बागायत, आणि मुंबईत दुसऱ्या एका प्रयोगशाळेत याच विषयावर काम करतो, हे मला उतरताना कळलं.

त्यानंतर वर्षभर तो रविवारी नवापूरच्या किनाऱ्यावर यायचा. बहाणा काय, तर म्हणे ताजे बोंबील. आमच्या बोटीच्या सावलीत बसून आम्ही भांडायचो. अहो-जाहो जाऊन अरे-तुरे आलं, पण गोड शब्द म्हणून एक नाही. कधी माझ्या केसांतली वाळू झटकायला हात पुढं करायचा आणि... मध्येच थांबून विषाणूच्या मात्रेबद्दल बोलायला लागायचा. असा राग यायचा मला, की काय सांगू.

यंदा माझा जीव टांगणीला लागला होता. पुण्याच्या एका संस्थेत कायमची जागा निघाली होती. माझ्या नावावर छापून आलेले दोन पेपर, म्हणजे शोधनिबंध, होते. तिसरा छापायला मंजूर झाला असता तरच माझ्या अर्जाला वजन आलं असतं, आणि तो एका परदेशी नियतकालिकाकडे सहा महिने पडून होता, कारण तपासायला कुणी तज्ज्ञ तयार होईना. आई रोज विचारायची, "अजून झाला नाय का तुझा पेपर? एवढ्यात आमी जाळं विणून दर्यात टाकलं असतं." अर्जाची मुदत आठवड्यावर आली होती.

त्या रविवारी भुरभुर पाऊस होता. प्रणव आला, छत्री मिटून बोटीच्या ताडपत्रीखाली बसला, आणि म्हणाला की माझा पेपर तपासायला त्याच्याकडेच आला होता. माझा चेहरा उजळला असणार. मग त्यानं सांगितलं, की त्यानं तो तपासायलाच नकार कळवला.

मी त्याला नाही नाही ते बोलले. दोन दिवसांत होकार दिला असतास तर माझं काम झालं असतं, आता तो पुन्हा रांगेत जाईल, मैत्री म्हणून एवढंही होईना तुझ्याच्यानं...

"पेपर वाईट आहे का?" मी विचारलं.

"नाही. चांगला आहे."

"मग?"

तो ओल्या वाळूकडं बघत राहिला. "संपादकांना कारण कळवावं लागतं, भाविका. मी लिहिलं... की या लेखिकेबाबत मला निष्पक्ष राहता येणार नाही."

"डूख धरलायस माझ्यावर?"

"डूख..." तो हसला, आणि त्याचे कान लाल झाले. "उलट गं. फारच उलट. उद्या आपलं काही... जमलं, तर लोक म्हणतील, हिचा पेपर यानंच पास केला. तुझ्या चार वर्षांवर असा डाग नको."

मी कपाळाला हात लावला. वर्षभर माझ्यासमोर बसून याच्या तोंडून चकार शब्द फुटला नव्हता, आणि सातासमुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या संपादकाला यानं सरळ कळवून टाकलं होतं. हसावं की रडावं कळेना. पण खोटं कशाला बोलू, मी आतून सुखावले होते. मलाही तो हवाच होता, केव्हापासून... आणि तो म्हणत होता ते खरंही होतं. त्याच्या होकारावर छापला गेलेला पेपर मला कधीच पुरता माझा वाटला नसता.

"अर्जात लिहीन, पेपर अजून तपासणीत आहे म्हणून," मी म्हणाले. "घेतलं तर घेतलं. पण तू काय करून बसलायस, कळतंय का? आता जन्मभर माझा एकही पेपर तुला तपासता येणार नाही."

"जन्मभर?" त्यानं हळूच विचारलं.

आपण काय बोलून गेलो, ते मला तेव्हा कळलं. मागं घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

"हो, जन्मभर," मी वैतागूनच म्हणाले, आणि त्याचा हात धरला.