दुपारचं भरीत

"सर, चला लवकर. फौजदार कमलवहिनीला न्यायला येताहेत. अन् झिपरूआबा तोवर टिकतील की नाही, अल्ला जाणे!"

गनीने दारातूनच हाक दिली. सुधाकर नेहेत्यांनी चपला सरकवल्या. एकेकाळी ते शाळेत विज्ञान शिकवत. आता धुळ्यात खाजगी तपासाची कामं घेत. गनी त्यांचा जुना विद्यार्थी. शिंदखेड्याजवळच्या गावातून आबांना त्यानेच आपल्या जीपमधून दवाखान्यात आणलं होतं.

"आबांनी सांजेला ओकारी केली," त्याने वाटेत सांगितलं. "भरीत जसंच्या तसं, आत्ताच जेवल्यासारखं. पण भरीत-पार्टी तर दुपारी शेतात झाली!"

दवाखान्यात बाकावर आबांची बहीण भागाबाई होती. शेजारची जागा तिच्या पिशवीने अडवलेली. सून कमलबाई भिंतीशी उभी.

"हिनीच जहर दिधं!" भागाबाई कडाडली. "दुपारनं भरीत संध्याकायले आख्खं कसं निंघी? फवारानी बाटली घरमाच शे."

डॉक्टर बाहेर आले. "डोळ्यांच्या बाहुल्या बारीक नाहीत, फवारणीच्या औषधाचा वासही नाही. पण विषावरचं इंजेक्शन भरतोय. थांबणं धोक्याचं."

"दोन मिनिटं, डॉक्टर." नेहेते आबांच्या मुलाकडे वळले. "चिंधा, शेतात काय झालं?"

"आबा लाकडी बडगीत भाजलेली वांगी कुटत होते. मधेच बसले. ऐन थंडीत घामाघूम. म्हणाले, दाढ ठणकते. पाहुण्यांपुढे कसेबसे जेवले."

"भरीत उरलं?"

"कुठलं! बडगी पुसून खाल्ली सगळ्यांनी."

"कमल, संध्याकाळी काय वाढलंस?"

"मऊ भात. ताट तसंच परत आलं. म्हणाले, दुपारचंच अजून गळ्याशी आहे."

"छातीत दुखत होतं?"

"नाही. पण साखरेचा आजार आहे ना, पायात काटा रुतला तरी कळत नाही त्यांना."

"डॉक्टर, आधी हृदयाचा आलेख काढा!"

डॉक्टर आत धावले.

"सर, बिघडलं पोट, अन् तपासणार छाती?" गनी गोंधळला.

"गनी, घराला आग लागली तर तू जात्यावर दळत बसशील?"

"बादली घेऊन पळेन!"

"शरीरही तेच करतं. हृदयाला इजा झाली की ते रक्तातून निरोप धाडतं. त्या निरोपांना संप्रेरकं म्हणतात. हृदयही ती सोडतं, हे शास्त्रज्ञांना गेल्या काही दशकांतच कळलंय. त्या संप्रेरकांनी जठराचं दळण मंदावतं, असं उंदरांत दिसतंय. माणसांत पुरतं सिद्ध नाही. पण बघ. भरीत उरलंच नाही, मग संध्याकाळी दिलं कुठून? म्हणजे ते दुपारचंच, जठरात अडकलेलं. फवारणीचं विष असतं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या. घाम आणि दाढेची कळ हृदयाची होती. मधुमेहाने छातीचं दुखणं झाकलं, पोटही सुस्तावलं असेल."

"अन् ते इंजेक्शन?"

"ते हृदयाला पळवतं. जखमी बैलाला चाबूक मारल्यासारखं."

दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात कागदाची लांब पट्टी होती. "हृदयाचा झटकाच आहे, दुपारचा. इंजेक्शन थांबवलं. आजची रात्र अवघड आहे."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. फौजदार.

कमलबाईने तिकडे पाहिलंही नाही. "डॉक्टर, आबांना घोटभर पाणी चालेल का हो?"

भागाबाईने पिशवी उचलून जमिनीवर ठेवली, सुनेचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढलं.

"बठ, पोरी. कव्हानी उभी शे तू."