उणे आठचा चढ

जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळली आणि तिच्या हातातला खडूंचा डबा पायऱ्यांवरून गडगडत गेला. त्यानं वाकून एकेक खडू वेचून दिला, तुटलेलेसुद्धा.

"गणिताची बॅच इथेच ना, मॅडम? मी नवा विद्यार्थी."

आवाज गोड होता, डोळे त्याहून गोड. पण मॅडमची नजर त्याच्या बाहीवर गेली. तिथे धुऊनही न गेलेली खडूची पांढरट रेघ होती, रोज फळा पुसणाऱ्यांच्या बाहीवर असते तशी. विद्यार्थी म्हणे! तिशीचा बाप्या आणि बारावीचं गणित?

"शिकायला का वय लागतं?" घरी आई म्हणाली. "दिसायला कसा आहे ते सांग."

"आई!"

"तुझं दुधानं तोंड पोळलंय, म्हणून ताकही फुंकून पितेस."

पोळलं होतंच. आधीच्या क्लासमध्ये असाच एकजण 'नुसता बसायला' आला आणि महिन्याभरात तिच्या जागी शिकवू लागला. आता हीही नोकरी गेली तर गावात तिसरा क्लास नव्हता.

तो मागच्या बाकावर बसे. तिच्या विनोदांना सगळ्यांच्या आधी हसे. तिनं फळ्याकडे तोंड केलं की त्याची नजर मानेवर जाणवे आणि ती चिडे. चिडताना केस का सारखे करते, हे मात्र तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

शेवटी तिनं सापळा लावला.

फळ्यावर लिहिलं: एक्सचा वर्ग अधिक एक्सवाय अधिक वायचा वर्ग बरोबर सात. शेजारी वक्र काढला, त्यावर बिंदू घेतला, एक आणि दोन. इथल्या स्पर्शिकेचा चढ काढायचा. वाय वेगळा सुटत नाही, पण एक्सबरोबर तोही बदलतो. म्हणून त्याचं विकलन केलं की मागे डी वाय बाय डी एक्सचं शेपूट लावावंच लागतं. वायच्या वर्गामागचं शेपूट तिनं मुद्दाम खाल्लं. उत्तर आलं उणे आठ.

ती वळली. पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती. त्याची भुवई मात्र टुणकन वर गेली.

सापडला चोर! मास्तरच आहे हा!

आणि तेवढ्यात तिला दारात मोठे सर दिसले. क्लासचे मालक, हाताची घडी घालून फळ्याकडे बघत होते.  मुद्दाम चुकवलं म्हटलं तर कोण ऐकणार?

मागच्या बाकावरचा हात वर झाला. संपलं सगळं...

"मॅडम, शंका आहे. इथे वक्र तर हळूच उतरतोय. उणे आठ चढाची रेघ त्याला कापून आत घुसेल ना? की आम्ही जागे आहोत का ते बघताय?"

वर्ग हसला. तिनं डस्टर उचललं. "तेच बघतेय. मी काय खाल्लं, कोण सांगेल?"

"वायच्या वर्गामागचं डी वाय बाय डी एक्स!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली.

खरा चढ निघाला उणे चार छेद पाच. रेघ वक्राला अलगद टेकली. मोठे सर मान डोलावून निघून गेले.

वर्ग रिकामा झाल्यावर तिनं त्याला दारातच अडवलं. "कोण आहात तुम्ही?"

"गणिताचा मास्तर..." त्यानं मान खाली घातली. "तुमच्या जागी घ्यायचं म्हणून सरांनी बघायला बसवलं होतं."

तिला ते लागलंच, अंदाज असूनही. "मग वाचवलंत कशाला?"

"परवाच नकार दिलाय. म्हटलं, यांच्याहून चांगलं मला जमणार नाही. सरांना पटेना, म्हणून आज ते स्वतः आले."

"नकार दिलात, तर आज तुम्ही कशाला आलात?"

"आज... म्हणजे —" तो पार लाल झाला. "आवडता तुम्ही मला."

 तिच्या मनात राग होता, आनंदही होता, आणि आनंदच जास्त होता. "खोटं बोलून आलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका. तपासत राहा."

"वर्षं लागतील मला."

"लागू देत. दुसरी नोकरी मिळेपर्यंत वेळच वेळ आहे."

 "म्हणजे... ही नाकारलीत, तेव्हा हातात दुसरी नव्हती?"

"नव्हती." त्यानं मान हलवली.



"उद्या संध्याकाळी या," ती हळूच म्हणाली. "वर्गात नाही. बाहेर."